ठकीच्या कुशीतलं कुसळ

नशिराबाद
२१ मे २०२४

चि. दिपमाला,

तुझ्या मामाचे भरपूर आशीर्वाद, आणि मामीचे त्याहून जास्त. ती शेजारी बसली आहे आणि तसंच लिहा म्हणते आहे.

परवा तू फोन केला होतास. मामीने तो माझ्या कानाशी धरला आणि मला नुसती शिट्टी ऐकू आली. कानातलं यंत्र आणि मोबाइल यांचं आपसात पटत नाही. म्हणून पत्र. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात बसलीस, तेव्हा अक्षर लागायला हरकत नाही.

काम ठकीचं आहे. ठकी म्हणजे आमची मांजर. तू मागच्या दिवाळीत पाहिलीस तेव्हा ती मुठीएवढी होती. आता तोरा बघ तिचा. नवा गहू आला तेव्हा नेहमीप्रमाणे मी ओंब्यांची जुडी दाराच्या चौकटीला बांधली, चिमण्यांसाठी. चिमण्यांच्या आधी ठकीचीच नजर गेली. मग मला निवृत्त माणसाचा उद्योग मिळाला. एक ओंबी काढायची, तिच्या नाकासमोर फिरवायची, ती हवेत उडी मारते आणि तुझी मामी बेबाबाई आतून ओरडते की म्हातारपणी पोर झाले आहेत. एकदा तर ओंबी तोंडात धरूनच पळाली. दोनेक दिवस ठसकली, मग थांबली.

ते असो. आता तिच्या डाव्या कुशीला, शेवटच्या बरगडीच्या मागे, लिंबाएवढी गाठ आली आहे. हात लावू देत नाही. मला वेगळाच संशय आहे. शेजारच्या सुगंधाबाई तुला आठवत असतील, पुरणाचे मांडे करणाऱ्या. घराच्या मातीच्या धाब्यावर त्यांचे ज्वारीचे बिबडे वाळत होते, त्यावरून ठकी चालत गेली. बाई काठी घेऊन धावल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एक दिवस खुपशीनच तुले." मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघ.

पुढच्या आठवड्यात ठकीला पिशवीत घालून एस.टी.ने धुळ्याला तुझ्या दवाखान्यात आणतो. इथले डॉक्टर गाईगुरांचे, मांजर म्हटलं की हसतात.

तुझा
जीवराम मामा

धुळे
९ जून २०२४

ती. मामा आणि मामी यांना नमस्कार.

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही घरी सुखरूप पोचलात हे मामीने कळवलं. ठकी पिशवीतून डोकं काढून कंडक्टरवर गुरगुरली, हेही कळलं.

गाठ म्हणजे पू होता. मी चीर देऊन तो काढला, आत बोट घालून पाहिलं, काही लागलं नाही. औषधाच्या पाण्याने धुऊन घेतलं आहे. गोळी रोज अर्धी, भाकरीच्या कुस्करात न देता थेट घशात, दहा दिवस.

तुम्ही विचारलंत, हे कशाने झालं. जखम अरुंद आणि खोल आहे. चावल्याची असती तर दोन भोकं दिसली असती. तारेत अडकून इतकी खोल जात नाही. माझ्या मते सळई किंवा दाभण अशी टोकदार वस्तू आहे, आणि ती कोणीतरी खुपसलेली असावी. माणसं मुक्या जनावराशी असं वागतात, मी रोज बघते.

पंधरा दिवसांत जखम भरेल. काळजी करू नका.

तुमची
दिपमाला

नशिराबाद
१४ जुलै २०२४

चि. दिपमाला,

आशीर्वाद. जखम भरली होती. आठ दिवस छान गेले, केसही उगवू लागले, आणि काल त्याच जागेवर भोक पडून पुन्हा पू वाहतो आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ओट्यावर वाचलं. तुला माहीत आहे आपला ओटा. गल्लीतल्या कुणाचं पत्र, नोटीस, लग्नपत्रिका, तलाठ्याचा कागद, चाळीस वर्षं सगळं मी तिथेच वाचत आलो. लोक मोबाइलवर वाचू लागले तरी सकाळचा पेपर ऐकायला पाचसात जण अजून येतात. त्यांच्यासमोर वाचलं. सळई, दाभण, कोणीतरी खुपसलेली, सगळं तुझ्याच शब्दांत. माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही आणि कुणाचं नावही घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं.

सुगंधाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. उठून आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मी ओरडले. हात नाही लावला. लावला असता तं सांगितलं असतं." मी म्हणालो, बाई, डॉक्टरीण काय माझ्या सांगण्यावरून लिहिते का? त्या वळल्या. ताट उचलून आत गेल्या.

आता गल्लीत कोणी त्यांच्याशी फारसं बोलत नाही. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला मांडे भाजायला दरवर्षी मातीच्या खापरावर त्या बसतात. तीस वर्षं त्यांच्याशिवाय मांडा झाला नाही. यंदा बायकांनी ठरवलं आहे की बोलवायचं नाही. देवीच्या नैवेद्याला तसला हात नको. मी मध्ये पडलो नाही. माणसाला कळलं पाहिजे की मुक्या जिवाला बोलणारं कोणी असतं. एवढी वर्षं शिकवलं, त्यात हे तरी शिकवलंच पाहिजे.

मामीचा काही वेगळाच पवित्रा आहे. ती नि सुगंधाबाई एकाच साली या गल्लीत नांदायला आल्या. तिला वाटतं मी पत्र वाचायला नको होतं. मी म्हणालो, मग पत्रं कशाला असतात?

येत्या शनिवारी ठकीला घेऊन येतो.

जीवराम मामा

धुळे
१६ ऑगस्ट २०२४

ती. मामांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही ठकीला घेऊन येऊन गेलात त्याला महिना होत आला.

त्या दिवशी मी दुसऱ्यांदा जखम उघडली. आधीपेक्षा मोठी चीर घेतली. एक्स-रेही काढला होता, त्यात सळईचा तुकडा, तार, काही नव्हतं. म्हणून गोळ्या बदलल्या. भरली का?

मामा, ते पत्र तुम्ही सगळ्यांसमोर वाचलंत हे मला आधी खरं वाटलं नाही. मी ते तुम्हाला लिहिलं होतं. शिवाय मी "असावी" असं लिहिलं होतं. "आहे" आणि "असावी" यातला फरक तुम्हीच आम्हाला फळ्यावर लिहून शिकवला होता.

सुगंधाबाईंचा विषय वाढवू नका, एवढीच विनंती. मामीला सांगा, दिवाळीला येते.

दिपमाला

नशिराबाद
२ सप्टेंबर २०२४

चि. दिपमाला,

आशीर्वाद. "असावी" कानात बसलं. पण तू त्याच पत्रात "मी रोज बघते" असंही लिहिलं होतंस, आणि रोज बघणाऱ्या माणसाच्या "असावी"ला लोक "आहे"च समजतात. तेव्हा फक्त मलाच वर्गाबाहेर उभा करू नकोस.

कानबाईचं सांगतो. अकरा ऑगस्टला रोट होते. खापरावर गल्लीतल्या दोन सुना बसल्या. पहिला मांडा हातातच फाटला, दुसरा खापरावर, तिसऱ्याचं पुरण चुलीत गेलं. शेवटी पुरणपोळ्या लाटल्या. भिंतीपलीकडे सुगंधाबाईंच्या घराचं दार दिवसभर लावलेलं होतं. मामीने झाकलेलं ताट त्यांच्याकडे नेलं. ते तसंच परत आलं. तेव्हापासून मामी माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि मला ऐकू येत नाही हे माहीत असून हळू बोलते.

सुगंधाबाईंचा मुलगा सुरतेला असतो, साड्यांच्या कारखान्यात. तो पाच वर्षं बोलावतो आहे आणि त्या जात नव्हत्या. आता दिवाळी झाली की जाणार म्हणे, घर बंद करून. हे मला मामीने सांगितलं नाही. दूधवाल्याने सांगितलं.

ठकीचं भोक तिसऱ्यांदा वाहतं आहे. खात नाही. पाठीची हाडं हाताला लागतात. मागचा डावा पाय जरा ओढते. तुझ्याकडून काही होत नसेल तर तसं सांग, म्हणजे तिला आणखी हाल देणार नाही. झोपवायचं इंजेक्शन असतं म्हणतात. मला ते विचारायचं धाडस होत नव्हतं, म्हणून पत्राच्या शेवटी लिहिलं.

मामा

धुळे
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामांना आणि मामीला नमस्कार.

ठकी काल दूध प्यायली आणि आज सकाळी पुनाभाऊंच्या डब्यातला मासा पळवला. हे आधी लिहिलं, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल. पुनाभाऊ म्हणजे माझे कंपाउंडर, या खेपेला तुम्ही त्यांच्याकडेच तिला सोपवून गेला होतात.

तुम्ही गेल्यावर मी इंजेक्शनचाच विचार करत होते. खोटं बोलत नाही. रात्रभर ठरेना, मग सकाळी कामिनीला फोन केला. ती माझी कॉलेजची मैत्रीण, नाशिकला कुत्र्यामांजरांचंच बघते. तिला सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. मांजर आधी खोकत होती का, आणि तू सोनोग्राफी केलीस का.

सोनोग्राफीचं यंत्र माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे. म्हैस गाभण आहे का, कुत्रीच्या पोटात किती पिल्लं, एवढंच मी त्यावर बघते. जखमेवर ते कधी लावलं नव्हतं, कारण लावता येत नव्हतं, आणि येत नाही हे कुणाला सांगायचं नव्हतं. तुमच्या आधीच्या दोन्ही खेपांना ते यंत्र त्याच खोलीत, कापड पांघरून उभं होतं.

कामिनीने फोनवरून शिकवलं. ठकीला गुंगी दिली, कुशीपासून कंबरेपर्यंत केस काढले, जेल लावली. पडद्यावर मांस करडं दिसतं आणि पू काळा. भोकापासून एक काळी वाट आत जात होती. ती मी मिलिमीटर मिलिमीटर धरून गेले. वाट मला वाटली होती तशी सरळ आत नव्हती. वर वळून पाठीच्या कण्याखालच्या स्नायूत शिरली होती. तिथे काळ्या डबक्यात एक पांढरी रेघ होती, मधे जराशी जाड, दोन्ही टोकांना निमुळती. मी दोनदा जिथे कापलं तिथून ती चार बोटं लांब होती. एक्स-रेत ती दिसली नसतीच, काडी आणि मांस त्यात सारखंच उमटतं.

मग पुनाभाऊंनी यंत्राचा प्रोब धरला आणि मी त्याच भोकातून लांब चिमटा आत सरकवला. चिमटाही पडद्यावर पांढरा दिसतो. एक पांढरं टोक दुसऱ्या पांढऱ्या रेघेपर्यंत न्यायचं, पडद्याकडे बघत, हाताकडे न बघता. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा धरली आणि हळूहळू ओढली.

बाहेर आलं ते तीन सेंटिमीटर लांब होतं. मी ते पाण्यात धुतलं आणि ओळखायचा प्रयत्न करत होते. पुनाभाऊ शेतकरी माणूस, बघताक्षणी म्हणाले, "बाई, हाई ते गहूनं कुसळ शे."

मामा, कुसळाला उलटे दात असतात. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. ठकीच्या श्वासनळीत गेलं, फुप्फुसातून पुढे सरकत कंबरेत पोचलं आणि मग कुशीतून वाट काढू लागलं. जखमेचं तोंड पाहून मी ठरवलं की काहीतरी बाहेरून आत गेलं. ते आतून बाहेर येत होतं. कोणी काही खुपसलं नव्हतं.

मग मी तुमचं मे महिन्यातलं पत्र काढलं. ओंबी तोंडात धरून पळाली, दोनेक दिवस ठसकली. तुम्ही सगळं लिहिलं होतं. मी वाचलं होतं आणि हसले होते. मला इतकी शरम वाटली की तो कागद मी पुनाभाऊंच्या नजरेआड घडी घालून ठेवला. एका बाईवर मी धुळ्यात बसून, तिला न बघता, आळ घेतला. मला कारण माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं तुम्हाला लिहायची लाज वाटली म्हणून.

सोबत दुसरा कागद आहे. तो ओट्यावर वाचण्यासाठी आहे. कृपा करून वाचा.

दिपमाला

(सोबतचा कागद)

नशिराबादच्या आमच्या गल्लीतल्या सर्वांना,

जीवराम गुरुजींच्या मांजरीच्या जखमेबद्दल मी जूनमध्ये जे लिहिलं ते चूक होतं. जखम सळईची किंवा दाभणाची नव्हती. मांजरीच्या अंगात गव्हाचं कुसळ गेलं होतं. ते सोनोग्राफीवर दिसलं आणि मी काढलं. ते कुठून गेलं हे सांगता येत नाही. सुगंधाबाईंचा याच्याशी काहीही संबंध नव्हता. त्यांना माझ्या लिहिण्यामुळे जो त्रास झाला त्याबद्दल मी त्यांची हात जोडून माफी मागते.

डॉ. दिपमाला

नशिराबाद
१० ऑक्टोबर २०२४

चि. दिपमाला,

आशीर्वाद. ठकीला आणून आठ दिवस झाले. जखम कोरडी आहे. ती चौकटीवरच्या रिकाम्या दोरीकडे बघत बसते. ओंब्यांची जुडी मी उतरवून चुलीत घातली.

तुझा कागद अजून वाचला नाही. आधी पितृपक्ष होता, अशा दिवसांत वाईट विषय नको वाटला. मग नवरात्र बसलं. मग दोन दिवस माझ्या यंत्राचा सेल गेला होता. ही सगळी कारणं मी रोज सकाळी मनात म्हणतो, आणि शाळेत उशिरा येणारी पोरं यापेक्षा बरी कारणं सांगायची हे मला कळतं.

खरं ते लिहितो. कागद काढून खिशात घालतो, ओट्यावर जातो, पेपर वाचतो, कागद खिशातच परत येतो. त्याच्या घड्या आता फाटायला आल्या आहेत. कुठून गेलं सांगता येत नाही, असं तू माझ्यासाठी लिहिलंस, ते मला कळलं. तुला पक्कं सांगता येत होतं. पण लोक विचारतील, गव्हाचं कुसळ मांजरीच्या घशात कसं गेलं, आणि माझ्या दारावरची जुडी सगळ्यांनी पाहिली होती. मी ओंबी नाचवायचो तेही पाहिलं होतं. चाळीस वर्षं ज्याचं वाचलेलं खरं मानलं त्याने स्वतःच्या हाताने केलं आणि शेजारणीच्या दाराकडे बोट दाखवलं. मला लोकांच्या तोंडाकडे बघवणार नाही.

तू एक करशील का? त्या कागदात एवढंच घाल की मांजर शेतात, मळणीच्या जागी फिरत असताना ते गेलं. सुगंधाबाई सुटतील, आणि मीही. कुणाचं काही जात नाही.

मामा

धुळे
१७ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

ते मी घालणार नाही. एकदा माहीत नसलेलं लिहून काय झालं ते पाहिलं. आता माहीत असलेलं उलटं लिहू का?

मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला रागवायचा हक्कही नाही. माझा कागदही मी तुमच्यावर सोपवला आणि इथे बसून राहिले. त्या दिवशी एस.टी.त बसून स्वतः यायला हवं होतं. दवाखाना बंद ठेवता येत नाही असं मी स्वतःला सांगते, आणि तेही सेल गेल्यासारखंच कारण आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, चार तारखेला मी येते. तोवर तुम्ही वाचलं असेल तर बरं. नसेल तर मी सुगंधाबाईंच्या दारात जाऊन बोलेन आणि मग ओट्यावर. ओंबीचं मी बोलणार नाही. ते माझं नाही.

दिपमाला

नशिराबाद
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दिपमाला,

अनेक आशीर्वाद. तू चार तारखेला येऊन गेलीस, सुगंधाबाईंच्या पाया पडलीस. त्यांनी तुला चहा दिला. दुपारी ओट्यावर कोणी नसतं, म्हणून तिथलं वाचणं माझ्यावरच राहिलं. मी घरातून खिडकीतून पाहत होतो हे तुला माहीत नसेल. तू जाताना मी तुला बसस्थानकापर्यंत सोडलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तूही विचारलं नाहीस. त्या गप्प चालण्याने मला जे झालं ते तुझ्या कागदाने झालं नव्हतं.

आठ तारखेला सकाळी त्यांचा मुलगा जळगावहून रिक्षा घेऊन आला. रात्रीच्या गाडीने सुरत. मामी मला म्हणाली, मोठ्याने म्हणाली, "आज वाचलं नाही तर यापुढे माझ्यासमोर कुठलाच कागद वाचू नका."

ओट्यावर सातजण होते. मी पेपर बाजूला ठेवला. मामीला सांगितलं, सुगंधाबाईंना बोलाव. त्या येईनात. शेवटी आपल्याच दारात उभ्या राहिल्या, हाताला पीठ लागलेलं होतं, प्रवासाच्या दशम्या करत होत्या. मी तुझा कागद वाचला. घड्यांवरची अक्षरं पुसली होती, पण मला पाठ झाला होता. "ते कुठून गेलं हे सांगता येत नाही" इथपर्यंत आलो आणि थांबलो. चाळीस वर्षांत वाचताना मी आपल्या पदरचं घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं. म्हणालो, हे वाक्य माझ्या भाचीने माझ्यासाठी लिहिलं आहे. कुसळ कुठून गेलं ते मला माहीत आहे. ओंबी मी दिली. खेळायला दिली. बाईंनी काही केलं नव्हतं, त्या तसं सांगत होत्या, आणि मी ते ऐकलं नाही.

 एकाने उगाच पेपर उचलला आणि उलटा धरला.

सुगंधाबाई ओट्याजवळ आल्या. मी उभा राहिलो. हात जोडले. त्या माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या, मला कळावं म्हणून. "गुरुजी, मले विचारलं असतं तं मीच सांगितलं असतं. ते मांजर चैतापासून खोकत होतं. तुम्हाले ऐकू येत नाही. दुपारभर माझ्याच धाब्यावर बसून खोके. मी तिले दुधात हळद घालून ठेवत होते."

मी तुला मेमध्ये लिहिलं होतं, दोनेक दिवस ठसकली, मग थांबली. ती थांबलीच नव्हती.

मी विचारलं, बाई, आता तरी राहाल का? म्हणाल्या, तिकीट काढलं आहे. मग म्हणाल्या की तिकिटामुळे जात नाही. ज्या बायकांबरोबर तीस वर्षं खापरावर बसलो त्यांनी एका कागदावर विश्वास ठेवला, आता दुसऱ्या कागदावर ठेवतील, तिसरा आला की काय करतील? हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बायका त्यांच्याभोवती जमल्या, कोणी रडलं, कोणी पिशवी उचलली. रिक्षा गेली. खापर त्यांनी मामीकडे ठेवलं आहे. मामीने ते धुऊन पालथं घातलं आहे आणि कुणाला हात लावू देत नाही.

मी सकाळी ओट्यावर जात नाही. लोक दोन दिवस आले, मग आले नाहीत.

मामा

नशिराबाद
९ जानेवारी २०२५

चि. दिपमाला,

आशीर्वाद. ठकी आता इतकी जाड झाली आहे की उंदीर तिला भीत नाहीत. तुझ्याकडे यंत्रावर जखमा बघायला लांबून लोक येतात, शिरपूरच्या कुत्र्याच्या पंजातूनही तू तसंच गवत काढलंस, हे मामीकडून कळलं. न येणारं शिकायला गेलीस, नाशिकला महिनाभर, हेही कळलं. मला फार बरं वाटलं.

काल सुरतेहून कार्ड आलं. अक्षर सुगंधाबाईंच्या नातीचं, बोलणं त्यांचं. तिकडे गहू दळून मिळतो पण मांड्याला लागतो तसा नाही. थंडी नाही. नातू गुजरातीत बोलतात, ते सगळं कळत नाही. मांजरीची जखम भरली का ते कळवावं. दोन महिन्यांनी तुमच्याकडे नवा गहू येईल, तेव्हा ओंब्या बांधायच्या तर उंच बांधाव्यात, चिमण्यांचं काही चुकलेलं नाही.

आणि खाली, वेगळ्या ओळीत लिहिलं आहे: "हे पत्र ओट्यावर वाचू नका."

नाही वाचलं. घरात, दार लावून, मामीला वाचून दाखवलं. ती शेजारीच बसली होती तरी मी हळू आवाजात वाचलं.

तुझा
मामा